न उघडलेले टॉवेल

शनिवारी पलंग येणार होता आणि तो ठेवायला होरिगोमेंच्या घरात जागा नव्हती.

पलंग तोकिएबाईंसाठी होता. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जमिनीवरच्या गादीवरून उठताना त्या आधी कुशीवर होत, मग हातांवर, मग भिंतीला धरून कशाबशा उभ्या राहात. या सगळ्याला आठ मिनिटं लागत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "जमिनीवर झोपणं सोडा आजी, नाहीतर एके दिवशी उठताच येणार नाही." पण जेमतेम सहा चटया मावणाऱ्या त्या खोलीत शेगडी होती, पंखा होता, शिवणयंत्र होतं, पाहुण्यांच्या गाद्यांचा छातीएवढा ढीग होता. या साऱ्यांची खरी जागा भिंतीतल्या कपाटात. आणि कपाटात होती अडतीस खोकी.

खोकी त्यांच्या नवऱ्याची, कुनिहिकोंची. आमच्याकडे मयताला जायचं ते काळ्या-पांढऱ्या गाठीच्या पाकिटात पैसे घेऊन, आणि त्या घरानं मागाहून आभाराची भेट धाडायची. कुठे चहा धाडतात, कुठे साबण. आमच्या इनोशिमा बेटावर बहुतेक टॉवेलच. कुनिहिको छत्तीस वर्षं जहाजाच्या कारखान्यात सांधे ठोकून तपासायचे. कारखाना बंद पडला, मग एकेकाची फुप्फुसं बंद पडू लागली, आणि दर दोन-चार महिन्यांनी घरी टॉवेलाचं एक खोकं येऊ लागलं. कुनिहिको ते दोन्ही हातांनी घेत, कपाटात ठेवत आणि दार ओढून घेत. उघडलं मात्र एकही नाही.

इकडे स्वयंपाकघरात तोकिएबाई ज्या फडक्यानं भांडी पुसत, त्यातून पलीकडचं दिसायचं.

"हे बघा," एके दिवशी त्यांनी ते फडकं नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं. "दिसतेय का मी?"

"दिसतेस."

"मग झालं तर. अडतीस खोकी नवे टॉवेल घरात आणि मी या जाळीनं बश्या पुसतेय. मेलेल्या माणसाला टॉवेल लागत नाही, अहो. मला लागतो."

"तो टॉवेल नाहीये," कुनिहिको म्हणाले. "वरच्या फळीवर डावीकडून तिसरा ना? तो कुसुनोकी आहे."

"कुसुनोकींना जाऊन पाच वर्षं झाली."

"म्हणून तर इथे आहे."

अशा माणसाशी काय बोलणार? तोकिएबाईंनी गोडीनं सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी कपाटाच्या दाराला चिकटवून पाहिली. कुनिहिकोंनी चिठ्ठी वाचली, "अक्षर चांगलं आहे," म्हणाले, आणि दार सरकवताना फाटू नये म्हणून अलगद बाजूला चिकटवली. पलंग येणार म्हटल्यावर मात्र ते थोडे नरमले. स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या मंडळींना जरा मागे सरकवायला गेले, तर कुसुनोकी, त्याच्यामागून हिराता आणि त्याच्यावरचे दोघं असे चौघं त्यांच्या पाठीवर कोसळले. कंबर लचकली. अकरा दिवस कुनिहिको अंथरुणात. सकाळी साडेसहाला खालच्या अंगणात रेडिओवरच्या तालावर कवायत चालते; तीस वर्षांत न चुकलेला हा माणूस अकरा दिवस तिथे दिसला नाही, आणि का दिसला नाही हे कुणीही विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही, असं आमच्याकडे मानतात. तर्क करायला मात्र कुणाची हरकत नसते.

बुधवारी तोकिएबाईंना आठवलं की शुक्रवारी सुतार येणार. पलंगाचं वजन पेलायला चटया उचलून फळ्या ठोकायच्या, म्हणजे दिवसभर ठोकाठोक. अशा वेळी जिन्यातल्या प्रत्येक घरी आधी जाऊन, काहीतरी हातावर ठेवून माफी मागायची असते. जिन्यात आठ घरं, आपलं सोडून सात. आणि सातही ठिकाणी भेट सारखीच हवी, नाहीतर वर्षभर जिन्यात कुजबुज.

त्यांचा डोळा कपाटाच्या खालच्या फळीकडे गेला. तिथे अगदी मागे सात सारखी खोकी होती. कुनिहिकोंचे थोरले भाऊ सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा माणसं अंदाजापेक्षा कमी आली आणि वाटून उरलेले सात डबे या घरी आले होते. ओनोमिचीच्या चांगल्या दुकानाचा करड्या रंगाचा कागद, वर ना नाव ना गाठ. तोकिएबाईंना ती देवाचीच योजना वाटली. नवरा गोळी घेऊन झोपला होता. त्या पोटावर सरपटत आत शिरल्या, सात खोकी बाहेर ओढली, धुळीनं आणि डांबरगोळ्यांच्या वासानं डोळे लाल झाले ते तसेच घेऊन सात दारं फिरून आल्या. प्रत्येक दारात कमरेत वाकून एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी आमच्याकडे जरा आवाज होईल. सांभाळून घ्या."

चूक झाली ती कागदाखाली. मयताच्या भेटीवर कमळ छापलेली, काळ्या-पांढऱ्या गाठीची, खाली घराण्याचं नाव लिहिलेली एक पट्टी असते. गाजावाजा नको असणारी घरं ती पट्टी खोक्यावर लावतात आणि तिच्यावरून कागद गुंडाळायला सांगतात. थोरल्या होरिगोमेंचं घर तसंच होतं. एकाहत्तर वर्षांच्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण गुडघे दुखत असले की माणसाला फक्त गुडघेच आठवतात.

तळमजल्यावर उमेमोतोबाईंनी कागद सोडला आणि त्या खालीच बसल्या. यंदा जिन्याच्या प्रमुख त्याच होत्या. कमळ, गाठ, आणि खाली ठसठशीत अक्षरात 'होरिगोमे'.

"अगं बाई! गेले वाटतं कुनिहिको-सान!"

समोरच्या दारातल्या नेगोरोंच्या हातातही उघडलेलं खोकं होतं. हल्ली घरच्या घरी गुपचूप उरकायची पद्धत पडलीय. शेजारी मेला हे चार दिवसांनी कळतं. अकरा दिवस माणूस दिसला नव्हता. बाईंचे डोळे लाल होते. सगळं जुळत होतं.

"आणि अशा वेळीसुद्धा बिचारी म्हणते काय, तर शुक्रवारी आवाज होईल," चौथ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन म्हणाल्या. "सातवा-बितवा असेल. मंत्र म्हणणार असतील."

पण उमेमोतोबाईंना घाम फुटला होता तो वेगळ्याच गोष्टीनं. "अहो, मरणाबद्दल नंतर बोला! आपण पाकीट दिलंच नाही आणि त्यांची परतभेट घरात आली! आधी घेऊन बसलो आपण! आता तोंड कसं दाखवायचं?"

बेटावर याहून मोठी नामुष्की नाही. उमेमोतोबाईंनी तासाभरात बातमी कागदावर लिहिली, घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीला अडकवली आणि पाटी पुढच्या जिन्याकडे रवाना केली. मग काळे कपडे इस्त्रीला काढले.

गुरुवारी सकाळी कुनिहिको पहिल्यांदा उठून बसले. कंबर बरी होती. लोकरीची लांब अंतर्वस्त्रं घालून ते कपाटापाशी गेले, दार सरकवलं आणि तिथेच उभे राहिले.

"अगं, दादा कुठेय?"

"असतील मागे," तोकिएबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"सातही नाहीत."

"नीट बघा. खाली, कोपऱ्यात."

खोटं बोलून त्यांनाच कसंसं झालं. त्या कामाला लागल्या. कपाटातल्या ओलीचा वास नाकात जाऊ नये म्हणून ठेवणीच्या पेटीवर उदबत्ती लावली. काल आत सापडलेली नवऱ्याची तसबीर, कारखान्यानं तीस वर्षांच्या नोकरीबद्दल काढून दिलेली, सूट घातलेली, काळ्या चौकटीतली, ती ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तिथेच टेकवली. शेजारी हास्साकू संत्र्यांचं ताट होतं. फेब्रुवारीत बेटावरच्या प्रत्येक घरात असतं. तोवर कुनिहिको कपाटाच्या खालच्या खणात चार पायांवर शिरले होते आणि आतून एकेकाला बाजूला करताना त्यांची नावं ऐकू येत होती.

दारावरची घंटी वाजली. पायजम्याशिवाय कुणाच्या नजरेस पडण्यापेक्षा कुनिहिकोंनी हात लांब करून कपाटाचं दार आतून ओढून घेतलं.

तोकिएबाईंनी दार उघडलं तर समोर पायऱ्यांवर एकामागे एक सात घरची माणसं, नखशिखांत काळी. हातात जपमाळा. सगळे एकदम वाकले.

"काय बोलावं सुचत नाही," उमेमोतोबाई म्हणाल्या. "आधीच यायला हवं होतं. लाज वाटते."

"कशाबद्दल?" असं तोकिएबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण आमच्याकडे पाहुणा बोलत असताना मध्ये तोडत नाहीत, आणि उमेमोतोबाई काही थांबेनात. बोलत बोलतच त्या बूट काढून आत आल्या, त्यांच्यामागून बाकीचे आले आणि सगळे त्या खोलीत गाद्यांच्या ढिगाला आणि शिवणयंत्राला चिकटून गुडघे टेकून बसले. समोर तसबीर. उदबत्ती. संत्री. सात पाकिटं तसबिरीपुढे ओळीनं मांडली गेली. तेव्हा कुठे तोकिएबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, त्यांना कागदाखालची पट्टी आठवली.

"ते... ते तसं नाही..." त्या म्हणाल्या.

"रडा, रडा, मन मोकळं करा," उमेमोतोबाईंनी त्यांचा हात दाबला.

कुनिहिकोंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. सांधे ठोकण्यात तो गेला. कपाटात त्यांनी उजवा कान कागदी दाराला लावला.

बाहेर आता दिवंगताबद्दल चार चांगले शब्द बोलायचे असतात. कुणालाच काही आठवेना.

"बाटल्यांचे कागद सोलून टाकायचे," शेवटी उमेमोतोबाई म्हणाल्या. "कचऱ्याच्या दिवशी बघावं तर झाकण वेगळं, बाटली वेगळी. अख्ख्या जिन्यात हाच एक माणूस."

"खरंय," चौथा मजला म्हणाला. "झाकण वेगळं करायचे."

दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी शिराइशी नावाची मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मी त्यांच्याशी कधी बोलले नाही. पण त्यांची पावलं ओळखायची. माझ्या दारापाशी येऊन थांबायचे, दम घ्यायचे, मग वर जायचे. गेले कित्येक दिवस कुणी थांबत नाही."

कपाटाच्या अंधारात सत्तरी ओलांडलेला एक माणूस हात-पायांवर उभा होता आणि छत्तीस वर्षं नोकरी, पंचेचाळीस वर्षं संसार करून आपल्या नावावर काय जमलं ते ऐकत होता. बाटल्यांची झाकणं आणि जिन्यात घेतलेला दम. वाईट वाटलं. पण खोटं कुणी बोललं नव्हतं, हेही त्यांना कबूल होतं.

मग नेगोरोंनी घसा साफ केला. ते मुळातच कमी बोलतात. "सकाळी कवायतीला," ते म्हणाले, "माझ्या डावीकडे तो उभा राहायचा. हात पसरायचे असतात तेव्हा त्याचा हात माझ्या हाताला लागायचा. तीस वर्षं. मी दर वेळी म्हणायचो, जरा सरक की रे." त्यांनी डावा हात जरासा पसरला. "अकरा दिवस हात लागला नाही. मी सरकून पाहिलं, तरी लागला नाही." आणि तो एवढा मोठा माणूस खांदे हलवून रडायला लागला.

कपाटातून हुंदका आला.

सगळ्यांनी तसबिरीकडे पाहिलं. मग दार हळूहळू सरकलं आणि लांब लोकरीच्या अंतर्वस्त्रातले, डोक्याला जळमटं लागलेले कुनिहिको चार पायांवर बाहेर आले. ते रीतसर गुडघ्यांवर बसले, हात टेकले आणि कपाळ चटईला लावलं.

"आपण सगळे आलात, फार आभारी आहे," ते म्हणाले.

चौथा मजला शिवणयंत्रावर आपटला. नेगोरो कुनिहिकोंकडे बघतच राहिले. सर्वांत आधी सावरल्या त्या उमेमोतोबाई, आणि त्या चिडल्या होत्या.

"मग मेलं कोण?"

"माझा भाऊ."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

तोकिएबाईंनी मग पलंगापासून पट्टीपर्यंत सारी कहाणी सांगितली, दर वाक्याला एकदा वाकून. कुनिहिको ऐकत होते. "दादाला वाटून आलीस?" एवढंच ते बायकोला म्हणाले, आणि ते इतक्या हळू की तिला ओरडल्याहून वाईट वाटलं. तिनं सातही पाकिटं उचलून पाहुण्यांपुढे सरकवली.

उमेमोतोबाई साप दिसल्यासारख्या मागे सरल्या. "नको! माझी सासू सांगायची, शोकाचं पाकीट परत घरात नेलं की ते त्या घरचं माणूस शोधतं."

"पण इथे कुणी मेलेलं नाही!"

"आमच्याकडे तरी कशाला मरायला हवंय?" उमेमोतोबाई म्हणाल्या. "ठेवा तुम्ही. आम्ही तुमचं खोकं घेतलं, तुम्ही आमचं पाकीट घेतलं. फिटलं." मग त्यांचा चेहरा उतरला. "फक्त एकच आहे. मी काल पाटी फिरवली."

पाटी तोवर पाचव्या जिन्यात पोहोचली होती. आमच्या वसाहतीत पाटी एका दिशेनंच फिरते. चूक दुरुस्त करणारा कागद लावायचा तर ती फिरून पुन्हा पहिल्या घरी यायला हवी. त्यामुळे गुरुवारी दुपारपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत काळ्या कपड्यातली माणसं येतच राहिली. दार कुनिहिकोच उघडायचे. समोरचा दचकायचा, कुनिहिको माफी मागायचे, समोरचा पाकीट परत घ्यायला नकार द्यायचा. शुक्रवारी सुतारही आला, जिन्यात काळ्या कपड्यांची रांग बघून त्यानं टोपी काढली, हात जोडले आणि तसाच परत गेला. घरी जाऊन फोन केला, "शोकाचे एकोणपन्नास दिवस होऊ द्या. मग ठोकू."

जिन्यातली सात सोडून आणखी एकतीस पाकिटं जमली. आणि पाकीट घेतलं की परतभेट द्यावी लागते. मेलेला माणूस जिवंत आहे ही काही सबब नाही.

कुनिहिकोंनी कपाटासमोर स्टूल ओढलं. मग वर चढून त्यांनी डावीकडून तिसरं खोकं काढलं आणि ते घेऊन खाली बसले. कागद सोडला, खोक्यावरची पट्टी नखानं हळूच सोलली. 'कुसुनोकी.' "हा वेल्डिंग करताना गायचा," ते म्हणाले. "भसाडा गायचा." तोकिएबाई शेजारी येऊन बसल्या, गुडघे दुखत होते तरी. त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे केला. कुसुनोकी त्यात सपाट झोपले, त्यांच्यावर हिराता, मग बाकीचे. दर पट्टीला कुनिहिको एखादं वाक्य बोलायचे आणि तोकिएबाई ते खोकं साध्या कागदात गुंडाळायच्या. एकतीस माणसांना मिळून एक डबा लागला, तोही वरून थोडा रिकामा राहिला.

"एवढीच जागा लागत होती," तोकिएबाई म्हणाल्या.

"मला काय माहीत?" कुनिहिको म्हणाले.

शनिवारी पलंग आला. फळ्या नव्हत्या, म्हणून पायांखाली संत्र्यांच्या पेट्यांचे तुकडे घातले. गाद्या, शेगडी, पंखा, शिवणयंत्र कपाटात गेलं. एवढं करून वरची फळी मोकळीच राहिली. तोकिएबाई पलंगावर बसल्या, उठल्या, परत बसल्या. चार सेकंद. त्यांनी दहादा करून पाहिलं.

दुपारी उमेमोतोबाई वर आल्या. हातात करड्या कागदाचं खोकं, पुन्हा नीट गुंडाळलेलं.

"मला काही हे ठेववेना," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसाची परतभेट घरात असली की झोप लागत नाही. तुमच्याकडेच राहू दे. वेळ येईल तेव्हा द्या, मी घेईन." आणि जाता जाता कुनिहिकोंना म्हणाल्या, "घाई नाही."

खोकं मोकळ्या फळीवर जाऊन बसलं.

सोमवारपासून कुनिहिको कवायतीला जाऊ लागले. नेगोरो म्हणाले, "जरा सरक की रे," आणि ते सरकले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले की आतून शिराइशीचा आवाज यायचा, "आलात का?" आणि ते म्हणायचे, "आलो." एवढं बोलणं त्यांना पुरत होतं.

आठवड्याभरानं बश्या पुसता पुसता तोकिएबाईंच्या हातात त्या फडक्याचे दोन तुकडे आले. कुनिहिको चहा घेत होते. ते उठले, कपाट उघडलं, खोकं आणून बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

"घे. उघड."

तोकिएबाईंनी ओले हात मागे घेतले.

"अगं उघड की. आता कुणाचं काय? दादाचा आहे, मी सांगतो, त्याची काही हरकत नाही. पट्टी डब्यात ठेवू."

"वर ठेवा ते."

"तूच म्हणायचीस ना, मेलेल्या माणसाला टॉवेल लागत नाही?"

"दादांचा नाहीये तो," तोकिएबाई म्हणाल्या. त्यांनी खोकं कोपरानं दूर सारलं. "तुमचा आहे. सगळा जिना तो तुमच्या नावानं घेऊन रडलाय. मला नाही उघडायचा. ठेवा म्हणते ना!"

कुनिहिकोंनी खोकं दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. तोकिएबाईंनी फडक्याचे दोन तुकडे जुळवून पाहिले, त्यातला जरा बरा होता तो घेतला आणि उरलेल्या बश्या पुसायला घेतल्या.